सेवणाचे चाळीस गठ्ठे

खातीपुऱ्यातल्या त्या घरात आम्ही वर राहत होतो आणि आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली केसर राहायची. केसर म्हणजे घरमालकांची घोडी. अंग तांबूस तपकिरी, आयाळ, शेपूट आणि पाय काळे, आणि कानांची टोकं वर जाऊन एकमेकांना टेकलेली. पहाटे आई गॅस पेटवायची त्याच सुमारास खाली तिचं चावणं सुरू व्हायचं. नीट वाळलेलं गवत चावताना घोड्याच्या तोंडातून जाड कागद सावकाश फाडावा तसा आवाज येतो आणि त्याला ठरलेला ताल असतो. मी अंथरुणात पडल्या पडल्या मोजायची. मिनिटाला साठ-पासष्ट. कुठलंही काम हातात घेतलं की त्याचा आकडा काढायचा ही सवय मला बाबांकडून आली. ते विमा कंपनीत अधिकारी होते आणि जयपूर हे त्यांच्या बदलीचं तिसरं शहर. आमचं मूळ गाव अमरावतीकडचं. आईची भाषा, तिचा झुणका आणि तिचा ज्वारीचा हट्ट ही तिकडची. माझं बोलणं मात्र शाळेमुळे अर्धं हिंदी झालेलं. मराठी नीट लिहायला मी फार उशिरा शिकले. हे प्रकरण चाळिशी ओलांडल्यावर लिहायला घेतलं, त्यालाही काही अंशी तेच कारण आहे. दुसरं कारण पुढे येईलच.

घरमालक घोडदळातून निवृत्त झालेले होते आणि सगळी गल्ली त्यांना रिसालदारसाहेब म्हणायची. त्यांच्या पत्नीला आम्ही माँसा म्हणत असू. मुलगा नोकरीसाठी दूर होता, त्यामुळे घरात दोघं आणि केसर. माँसा बाजरीची राबडी करायच्या, ती ताकात शिजवलेली पातळ पेज असते, आणि तिचं एक पातेलं जिन्यावरून वर यायचं; त्याच पातेल्यात आई पाटवडीचा रस्सा घालून परत पाठवायची. रिकामं भांडं परत करायचं नाही यावर दोघींचं न बोलता एकमत होतं. रिसालदारसाहेबांचा डावा डोळा नोकरीत असतानाच एका घोड्याच्या लाथेने गेला होता. उरलेल्या एका डोळ्याने ते केसरचं सगळं करायचे. मला ते बाईसा म्हणायचे, म्हणजे घरची मुलगी. केसर गाभण राहिली तेव्हापासून मी रोज संध्याकाळी खाली जायला लागले. तिचं गवत मी स्प्रिंगच्या काट्याला अडकवून मोजायची, आठ किलो, आणि वहीत लिहायची. त्यांना त्या वहीचं हसू यायचं. ‘पलटण में होतीं तो क्वार्टर मास्टर बना देते,’ ते म्हणायचे.

गवत कसं निवडायचं हे मी त्यांच्याकडे शिकले. केसरला ते सेवण घालत. हे पश्चिमेकडच्या वाळवंटातलं गवत, पावसाळ्यानंतर कापून वाळवलेलं, आणि ते दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांतून मुरलीपुऱ्याच्या टालीवर यायचं. टाल म्हणजे चाऱ्याची वखार. रिसालदारसाहेब रंगाला फार मान देत नसत. बाहेरून हिरवं दिसणारं गवत आतून काहीही असू शकतं, उलट उन्हाने वरची बाजू पिवळी पडली म्हणून आतलं वाईट असं नाही. एक काडी घेऊन वाकवायची. दोरीसारखी वाकली तर ओल आहे, भुगा झाला तर जुनं आहे, टचकन मोडली तर बरोबर. तुरे पिकून बी गळलं असेल तर उरली ती नुसती काडी. मूठभर गवत काळ्या कापडावर झटकायचं आणि धूळ किती पडते ते पाहायचं. ही झाली वरवरची परीक्षा. खरी परीक्षा म्हणजे गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आत गार आणि कोरडं लागलं पाहिजे. हात थोडा वेळ आतच ठेवायचा, मग बाहेर काढून वास घ्यायचा. ‘हाथ झूठ नहीं बोलता,’ ते म्हणायचे. ते प्रत्येक गठ्ठ्यात हात घालत आणि टालवाला वैतागून बिडी ओढत उभा राहायचा. बैलाचं आणि घोड्याचं पोट सारखं नाही, हेही त्यांनी सांगितलं होतं. बैल चार पोटांतून घोळवून घोळवून पचवतो. घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलं ते पुढेच जाणार, आणि पुढे जागा नसेल तर घोडा मरतो.

त्या हिवाळ्यात त्यांच्या चांगल्या डोळ्याचा पडदा सुटला. सकाळी उठले तर एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखं दिसत होतं. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करून घरी आणलं. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता आणि तो पडद्याला आतून दाबून धरेल म्हणून त्यांना पंधरा दिवस पालथं पडून राहायचं होतं. जेवायला आणि न्हाणीघरात जाण्यापुरतं उठायचं, तेही मान खाली घालून. वजन ओढायचं नाही, जोर करायचा नाही, धुळीत जायचं नाही. डॉक्टरांनी माँसांना दोनदा बजावलं होतं की डोळा एकच आहे. अंगणाकडच्या खोलीत त्यांची खाट लावली. खाटेच्या बाहेर तोंड काढून, मान खाली, डोळ्यावर पट्टी, असे ते पडून असत आणि कानांनी सगळं अंगण चालवत. केसरला दहावा महिना लागला होता. घोडीला अकरा महिने लागतात, म्हणजे शिंगराला अजून जवळजवळ दोन महिने होते. आणि कोठीतलं गवत सहा दिवसांचं उरलं होतं.

‘बाईसा, तुम ले आओ,’ ते खाली तोंड करूनच म्हणाले. मला सोळावं संपत होतं. इतकी मोठी गोष्ट कुणी माझ्यावर तोवर सोपवली नव्हती.

रविवारी बाबा आणि मी टेम्पो घेऊन मुरलीपुऱ्याला गेलो. चाळीस गठ्ठे काढून ठेवले होते. मी काटा लावून प्रत्येकाचं वजन घेतलं, प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी टाचली, सगळं वहीत उतरवलं. यातच दोन तास गेले. मग पहिल्या गठ्ठ्यात हात घातला. काड्या बोचतात, कोपरापर्यंत ओरखडे उठतात. गार, कोरडं, वास छान. टेम्पोवाला घड्याळ दाखवायला लागला. बाबा म्हणाले, ‘सगळे काय तपासतेस? आमच्या ऑफिसात दहा फायलींतली एक उघडतात. ती बरोबर निघाली की बाकीच्यांवर शिक्का. दर दहावा घे.’ मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, शास्त्रीय वाटलं. मी एक, अकरा, एकवीस आणि एकतीस तपासले. चारही उत्तम. घरी आल्यावर प्रत्येकातली मूठभर काडी रिसालदारसाहेबांच्या नाकाशी धरली. त्यांनी बोटांनी मोडली, हुंगली, एक काडी चावूनही पाहिली. ‘बढ़िया,’ ते म्हणाले. मग विचारलं, ‘चालीसों में हाथ डाला?’

मी ‘जी’ म्हटलं. खोटं बोलावं असं ठरवलं नव्हतं. चारचे चाळीस होतात हे मला तेव्हा इतकं स्वच्छ वाटत होतं की ‘जी’ म्हणताना जीभ अडखळलीही नाही.

जुनं-नवं मिसळून घालायचं ठरलं होतं, कारण घोड्याचा चारा एकदम बदलत नाहीत. पहिला गठ्ठा चार दिवस गेला. शुक्रवारी संध्याकाळी जुनं गवत संपलं आणि मी हाताशी होता तो गठ्ठा उघडला, नंबर तेवीस. वरच्या थरातलं गवत केसरने चांगलं खाल्लं. शनिवारी सकाळी वीज गेली होती. कोठीत अंधार होता आणि मला शिकवणीला जायचं होतं. मी अंदाजाने मधलं गवत ओढून काट्याला लावलं, गव्हाणीत टाकलं आणि वर जाऊन आवरायला लागले. अर्ध्या तासाने खाली आले तर केसरने तोंड लावलं नव्हतं. नाकाने गवत इकडून तिकडे ढकलत होती आणि फुरफुरत होती. आई माँसांचं पातेलं द्यायला आली होती. ती गव्हाणीपाशी थांबली.

‘काऊन व, खात नाही का हे?’

‘नवं आहे ना, सवय नसेल.’

‘गुळाचं पाणी शिंपड. आमच्याकडं बैलं कडब्याले तोंड लावत नाही तं आबा तेच करे. चाटूनपुसून खाते मग.’

तिने स्वतःच वरून गूळ आणला, लोट्यात विरघळवला आणि हाताने सगळ्या गवतावर शिंपडला. केसरने मान वर केली, हुंगलं, आणि खायला लागली. आई खूश झाली. मीही. चावण्याचा आवाज सुरू झाल्यावर खोलीतून रिसालदारसाहेबांनी ‘शाबाश’ म्हटलेलं ऐकलं. मी सायकल काढून शिकवणीला गेले.

परत आले तेव्हा साडेदहा झाले होते. केसर पुढच्या पायाने जमीन उकरत होती. सारखी मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत होती, वरचा ओठ उलटा करत होती. गव्हाण रिकामी. रिसालदारसाहेबांनी मला खाटेपाशी बोलावलं. त्यांना उकरण्याचा आवाज कळला होता.

‘पसीना है?’

‘कानांच्या मागे थोडं.’

‘नाड़ी देखो.’

जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवून घड्याळ लावून मी मोजलं. चव्वेचाळीस. एरवी छत्तीस ते चाळीस असायची. त्यांनी थन पाहायला सांगितलं, शेपटीच्या मुळाशी हात लावून पाहायला सांगितलं. ‘कहीं समय से पहले तो नहीं,’ ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं बोलले. दहाव्या महिन्यात शिंगरू पडलं तर जगत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनी सांगितलं की दाराला गोणपाट लाव, अंधार कर, कोणीही जवळ जाऊ नका. घोडीला कुणी बघत असलं की ती कळा रोखून धरते. जे व्हायचं ते तिला शांतपणे होऊ द्या. जनावरांच्या डॉक्टरांना आत्ता बोलावून हात घालायला लावला तर वेळेआधीच व्याणं सुरू होईल.

गोणपाट आणायला मी कोठीत गेले. तोवर वीज आली होती. दिव्याखाली तेवीस नंबरचा गठ्ठा अर्धा उघडा पडला होता आणि त्याच्या पोटात, बरोबर मध्ये, राखाडी काळा गोळा होता. वर पांढरी भुकटी. हात लावला तर ऊब होती. वास घेतला, कुजका. भिंतीला टांगलेल्या वहीत पाहिलं. बाकीचे गठ्ठे सतरा, अठरा, साडेअठरा. तेवीससमोर माझ्याच अक्षरात साडेबावीस. आत पाणी होतं. मी ते तोलून, नोंदवून, वर चिठ्ठी टाचून घरी आणलं होतं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी त्या गठ्ठ्यावर गोणपाट टाकलं. दुसरं गोणपाट दाराला लावलं.

त्या मिनिटांबद्दल मला नंतर कोणी फारसं विचारलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. मी घाबरले होते हे खरं, पण नुसती घाबरले नव्हते. मी हिशोब करत होते. तिने किती खाल्लं असेल, साधारण तीन किलो. त्यातलं खराब किती, कदाचित अर्धं. बुरशीचं पोट आणि कळांचं पोट यांतला फरक मला कळत नाही, पण रिसालदारसाहेबांना कळतो, आणि ते म्हणतात की या कळा आहेत. मग त्या कळाच असतील. असं मी स्वतःला पटवत होते. सांगितलं तर ‘जी’ उघडं पडणार होतं, आणि आईचा गूळ, आणि बाबांचा दर दहावा. माँसा देवापुढे बसून काहीतरी पुटपुटत होत्या. आई वरच्या गॅलरीतून खुणेने विचारत होती, काय झालं. मी हाताने ‘काही नाही’ केलं.

साडेअकराला नाडी बावन्न. मी आकडा सांगितला. खाटेवरून आवाज आला, ‘चारा कैसा था?’

‘ठीक था.’

थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘ब्याने में नाड़ी इतनी जल्दी नहीं चढ़ती. फिर देखो.’

मी पुन्हा आत गेले. अंधारात केसरचं अंग ओलं लागत होतं, मानेवरून घाम ठिबकत होता. पोटाला कान लावला. त्यांनीच शिकवलं होतं की निरोगी घोड्याचं पोट कधी गप्प नसतं, आत सारखी गुडगुड चालू असते. मी पूर्ण दोन मिनिटं कान लावून उभी राहिले. एकही आवाज आला नाही. मग तिने गुडघे दुमडले, धपकन बसली आणि पाठीवर लोळायला लागली. भिंतीला तिचा खूर लागून पोपडा पडला. नाडी चौसष्ट. अकरा पन्नास.

मी कोठीत गेले, तो गोळा ओंजळीत घेतला आणि त्यांच्या खाटेपाशी खाली जमिनीवर बसले, त्यांच्या तोंडासमोर. मी सांगण्याआधी त्यांच्या नाकाला वास गेला.

‘ये कहाँ से आया?’

‘गाँठ में से. सुबह यही डाला. मैंने चालीसों में हाथ नहीं डाला था. चार में डाला था.’

पट्टी बांधलेला तो चेहरा माझ्यापासून वीतभर लांब होता. आई जिन्यावरून उतरून दारात आली होती. तिला सगळं ऐकू गेलं. ‘तोंड लावत नव्हती ती,’ ती हिंदी-मराठी एक करून म्हणाली, ‘गुड़ का पानी मैंने डाला. मीच खायला लावलं तिले.’

रिसालदारसाहेबांनी दोन्ही हात खाटेवर टेकले आणि उठायला लागले.

माँसा धावत आल्या. ‘लेटे रहो. डागदर ने क्या कहा है.’

‘सिर नीचे रखूँगा.’

‘एक ही आँख है.’

‘मालूम है. मेरी ही है.’ मग माझ्याकडे वळून, मान खालीच, ‘अस्पताल फ़ोन करो. बोलो कुरकुरी है, सड़ा चारा, गाभण घोड़ी, दसवाँ महीना, नाड़ी चौंसठ. यही बोलना, और कुछ नहीं.’ कुरकुरी म्हणजे घोड्याची पोटदुखी. ती ऐकून जनावरांचे डॉक्टर हातातलं काम टाकून निघतात. मी वर जाऊन फोन केला. डॉक्टर दुसऱ्या जनावराकडे होते. निरोप देतो, तासभर लागेल, असं फोनवरच्या माणसाने सांगितलं.

खाली आले तर केसरला उठवून ते अंगणात घेऊन आले होते. लोळताना आतडं पिळलं तर डॉक्टर येऊन काही उपयोग नसतो, म्हणून तिला हळूहळू चालतं ठेवायचं होतं. मी म्हटलं, मी धरते, तुम्ही झोपा. त्यांनी दोर माझ्या हातात दिला. दहा पावलांवर केसर गुडघ्यांत वाकली आणि मी दोरासकट फरफटत गेले. चारशे किलोच्या जनावराला खाली बसू न देणं हे ताकदीचं काम नाही. दोराला बसणारा पहिला हिसका ओळखून, त्याच क्षणी तिला वळवावं लागतं, आणि तो हिसका फक्त त्यांच्या हाताला कळत होता. त्यांनी दोर परत घेतला. मग ती दोघं चालायला लागली. घोडीची मान दुखण्याने खाली, माणसाची डॉक्टरांच्या हुकुमाने खाली. दोघंही जमिनीकडे तोंड करून गोल फिरत होती. मी पलीकडून चालत होते आणि वळण आलं की खांद्याला हात लावून ‘दीवार’ किंवा ‘नल’ असं सांगत होते. आईने अंगणात पाणी मारलं, धूळ उडू नये म्हणून. पंधरा मिनिटं चालणं, पाच मिनिटं उभं राहणं. उभं राहिलं की मी नाडी बघायची. चौसष्ट. अडुसष्ट. अडुसष्ट. माँसा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी फेऱ्या मोजल्या. डॉक्टरांची स्कूटर फाटकाशी थांबली तेव्हा ब्याण्णव झाल्या होत्या.

डॉक्टर तरुण होते आणि फार कमी बोलणारे. हिरड्यांचा रंग पाहिला, कान लावून ऐकलं, इंजेक्शन दिलं. मग नाकपुडीतून लांब रबरी नळी पोटापर्यंत सरकवली आणि तेल सोडलं. नळी जाताना केसरने डोळे इतके फिरवले की नुसते पांढरे दिसले. रिसालदारसाहेब तिच्या कपाळाला कपाळ लावून उभे होते. डॉक्टर कागदावर लिहीत विचारत होते. काय खाल्लं, किती, केव्हा. मी आकडे सांगत होते.

‘चारा ख़राब है, ये पता कब चला?’

अकरा पन्नास म्हणता आलं असतं. तेवढं एकच वाक्य पुरलं असतं आणि कोणालाही कधी कळलं नसतं.

‘अकरा दहाला,’ मी म्हटलं, आणि मग हिंदीत पुन्हा, ‘ग्यारह दस पर.’

डॉक्टरांनी लिहिलं. फोनची वेळ त्यांना माहीत होती. पेन क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. केसरच्या कपाळावरून रिसालदारसाहेबांचं डोकं हललं नाही. पण त्यांनी ऐकलं होतं. चाळीस मिनिटं त्यांनाही मोजता येत होती. त्यातल्या वीस मिनिटांत, मी ‘ठीक था’ म्हटल्यापासून, ते पडून आपल्याच अनुभवावर शंका घेत होते.

डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची. लीद पडली तर वाचली. संध्याकाळपर्यंत नाही पडली तर तयारी ठेवा. रिसालदारसाहेबांना त्यांनी जवळजवळ ढकलतच खाटेवर नेलं.

अडीचच्या सुमारास बाबा बगरूहून परतले. रंगाईच्या एका शेडमध्ये आग लागली होती, त्याच्या पाहणीला गेले होते. बुटांना राख लागलेली. आईने जिन्यातच सगळं सांगितलं. ते वर न जाता तसेच खोलीत गेले आणि खाटेशेजारी, ऑफिसच्या कपड्यांत, जमिनीवर बसले. मी दाराबाहेर होते.

‘दहात एक हा आमच्या ऑफिसचा हिशोब,’ बाबा त्यांच्या सावकाश हिंदीत म्हणाले. ‘तो मी तिला शिकवला. चूक माझी आहे.’

‘साहब, फ़ाइल की बात और है,’ रिसालदारसाहेबांचा आवाज थकलेला होता. ‘घोड़ी औसत नहीं खाती. जो गाँठ सामने आई, वही खाती है.’

मी पुढे आकडेमोडीचंच काम करते आणि नमुना तपासून बाकीच्यावर सही करणं हा त्या कामाचा भाग आहे. प्रत्येक सहीच्या वेळी ते वाक्य एकदा माझ्या कानावरून जातं.

दुपारभर मी केसरसमोर बसून राहिले. दर पंधरा मिनिटांनी नाडी. साठ. साठ. छप्पन्न. आईने माझ्यासाठी ताटात भाकरी आणली आणि तशीच परत नेली. चार वाजता पोटात पहिली गुडगुड ऐकू आली, इतकी बारीक की मला वाटलं माझ्याच पोटाची आहे. पावणेपाचला केसरने शेपूट उचलली. मूठभर, घट्ट, तेलकट लीद पडली. मी ओरडले नाही. धावत जाऊन सांगितलं. माँसा आल्या, वाकून बघितलं, आणि पदराने डोळे पुसत तिथेच भिंतीला टेकून बसल्या. मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘मुँह धो ले. काला हो रहा है.’ दिवसभरात माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

खोलीतून विचारणा झाली, ‘बाक़ी कितनी गाँठें हैं?’

‘अड़तीस.’

‘खोलो.’

आई, बाबा आणि मी, तिघांनी दिवा लावून रात्री उशिरापर्यंत अडतीस गठ्ठे अंगणात फोडले, चादरींवर पसरले, मूठ मूठ हातातून काढले. बाबांना शिंका थांबत नव्हत्या. आणखी दोन खराब निघाले, नऊ आणि सदतीस. उरलेल्या छत्तीसमधली एकेक मूठ मी त्यांच्या नाकाशी नेली. त्यांनी प्रत्येक हुंगली. एकदाही ‘बढ़िया’ म्हटलं नाही.

चाळीस मिनिटांचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. मी काढायचा प्रयत्न केला तर म्हणायचे, ‘जाओ, पानी पिलाओ उसको.’ पट्टी निघाली तेव्हा बाबांबरोबर मीही दवाखान्यात गेले होते. पडदा एका बाजूने पुन्हा सुटला होता. दुसरं ऑपरेशन झालं, पण नजर पुरती आली नाही. माणूस कोण ते आवाजाने आणि चालण्यावरून ओळखायचे. घोडा आणि भिंत वेगळी दिसायची, त्यापुढचं नाही. त्या दिवशी उठले नसते तर डोळा राहिला असता का, असं मी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, पडून राहिलेल्यांचंही कधी कधी असं होतं. किती जणांचं, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. हा एक आकडा मला आजवर मिळालेला नाही, आणि तो मिळत नाही तोवर मी स्वतःला सोडलेलं नाही.

केसर दिवस भरल्यावर व्याली. सकाळी माँसांनी जिन्याखालून हाक मारली तेव्हा शिंगरू उभं राहून दूध पीत होतं. तांबूस, ओलं, लांब पायांवर डुगडुगणारं. ज्या घोड्याकडे केसरला नेलं होतं तो पंचकल्याणी होता, चारही पाय आणि कपाळ पांढरं. तसं शिंगरू शुभ मानतात आणि गल्लीतल्या चौघांनी महिनाभर त्यावर गप्पा मारल्या होत्या. माँसा सारख्या म्हणत होत्या, ‘चारूँ धोळा है, देखो, चारूँ,’ म्हणजे चारही पांढरे. माथ्यावर पांढरा टिळा तर लांबूनही दिसत होता. रिसालदारसाहेब दारात उभे होते. शिंगराच्या दिशेने पाहत होते, पण थोडं बाजूला.

‘बाईसा,’ ते म्हणाले, ‘देखकर बताओ.’

शिंगरू चिखलात उभं होतं, पाय गुडघ्यांपर्यंत माखलेले. मी आत गेले. केसरने कान मागे पाडले, मग सोडून दिले. मी बादलीतलं पाणी घेऊन खाली बसले आणि एकेक पाय हाताने धुतला. पुढचा उजवा. पुढचा डावा. मागचा उजवा. मागच्या डाव्या पायाला दोनदा पाणी लावलं.

‘तीन,’ मी म्हटलं. ‘मागचा डावा काळा आहे.’

‘अँधेरा है वहाँ,’ माँसा घाईने म्हणाल्या. ‘सूखेगा तो दिखेगा. मैंने देखा है.’

रिसालदारसाहेबांनी त्यांना हातानेच थांबवलं.

‘काला है,’ ते म्हणाले, आणि गल्लीत कोणी विचारलं तरी तेच सांगत राहिले.